अर्धी कॉट

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे, नाल्याच्या अंगाला आमची खोली होती आणि त्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज कुलपाचा व्हायचा. शाळेतून आले की मी कुलूप काढायची आणि ते इतकं खडखडायचं, की शेजारच्या काकू आतूनच म्हणायच्या, आली वाटतं वैशाली. बस्, तेवढंच स्वागत. मग मी दप्तर टाकायची, स्टोव्ह पेटवायची, सकाळचा भात गरम करायची आणि रेडिओ लावायची. गाण्यांसाठी नाही हो, खोलीत कुणीतरी बोलत असावं म्हणून. शेतीच्या बातम्यासुद्धा मी मन लावून ऐकल्यात. उसावरच्या किडीला काय फवारायचं ते मला अजून सांगता येईल, आणि ऊस मी आयुष्यात फक्त रसवंतीवर पाहिलेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शहाडच्या बाजूला एका कंपनीत कामाला होते, पाळीपाळीने. कंपनीचा भोंगा आमच्याकडे ऐकू यायचा नाही, पण त्यांच्या चपलांचा आवाज मला गल्लीच्या तोंडापासून कळायचा, कारण एक चप्पल कायम घासत यायची.

अण्णा साताऱ्याकडचे. बोलणं कमी आणि तिखट जास्त. आई गेल्यावर स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला आणि पहिले काही महिने आम्ही दोघांनी जे काही खाल्लं ते कुत्र्यानेही हुंगून सोडलं असतं. पण ज्वारीची भाकरी मात्र ते झकास थापायचे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चा कांदा, बुक्कीने फोडलेला. कांदा फोडताना ते एकदाच हसायचे, आई असताना हसायचे तसे. मग जेवण संपेपर्यंत काही नाही. मी तेव्हा बारा वर्षांची, मला शंभर गोष्टी विचारायच्या असायच्या आणि त्या माणसाला हो, नाही, बघू, यापलीकडे शब्द ठाऊक नव्हता. एका खोलीत दोन माणसं राहत होती आणि दोघं आपापली एकटी होती. तेव्हा हे असं मांडता आलं नसतं, तेव्हा फक्त राग यायचा.

आई तापाने गेली होती. पावसाळ्यातला ताप, डोक्यात चढलेला. अण्णा तिला रिक्षात घालून घेऊन गेले तेव्हा मला शेजारी ठेवलं होतं, त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. पाहिलं ते तेराव्याला. टिटवाळ्याची आजी, आईची आई, सगळ्या माणसांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की माझी लेक आजाराने नाही गेली, नवऱ्याच्या हयगयीने गेली, वेळेवर दवाखाना केला असता तर आज ही पोर पोरकी झाली नसती. अण्णा खाली मान घालून बसले. एक शब्द बोलले नाहीत. आजीने मला टिटवाळ्याला नेते म्हटलं तेव्हा मात्र ते उठले आणि माझ्या पुढे येऊन उभे राहिले. बस, तिथून जे तुटलं ते तुटलं. ना दिवाळी, ना संक्रांत. कल्याणहून टिटवाळा ते काय लांब, पण आमच्यासाठी ते गाव नकाशातून पुसलं गेलं. आणि माझ्या मनात मात्र तेराव्याचं ते वाक्य कुसळासारखं राहिलं. अण्णा गप्प का बसले? माणूस खरं असेल तेव्हाच गप्प बसतो, असं मला वाटायचं.

मग दोनेक वर्षांनी तसलाच पावसाळा आला. सगळीकडे ताप. आमच्या चाळीत दर दुसऱ्या दारात कुणीतरी गोधडी घेऊन पडलेलं. पाणी दिवसाआड यायचं, म्हणून प्रत्येकाच्या दारात पिंप, आणि पिंपात डासांचं बाळंतपण. पालिकेची माणसं येऊन पिंपं उपडी करून गेली की बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, कारण डास दिसत नव्हता आणि वाहून गेलेलं पाणी दिसत होतं. मला थंडी वाजून आली ती दुपारी. अण्णा पाळी संपवून आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि त्या माणसाचा चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरले. चप्पल न घालता त्यांनी मला उचललं. इतकी मोठी घोडी मी, पण तसंच कडेवर घेतल्यासारखं रिक्षापर्यंत नेलं. दोन खासगी दवाखान्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं, जागा नाही. तिसरा तर बोर्डच लावून बसलेला. शेवटी सरकारी हॉस्पिटल. तिथे एक सिस्टर रजिस्टरवरून मान वर न करता म्हणाली, "पूर्ण कॉट नाही. अर्धी आहे. चालेल?"

अण्णा म्हणाले, "चालंल. पाव आसली तरी चालंल."

माझ्या वडिलांनी केलेला हा एकमेव विनोद असावा आणि तोही त्यांना विनोद म्हणून सुचला नव्हता.

बायकांच्या त्या वॉर्डात कॉटा किती होत्या कोण जाणे, पण माणसं त्याच्या दुप्पट होती. एका कॉटवर दोघी, एकीचं डोकं भिंतीकडे, दुसरीचं डोकं वाटेकडे. दोन कॉटांमधल्या जागेत खाली गाद्या, गाद्या संपल्या तिथे चटया, आणि वॉर्ड संपला की बाहेरच्या व्हरांड्यात पुन्हा तेच. सलाइनला स्टँड पुरत नव्हते म्हणून बाटल्या खिडकीच्या गजांना बँडेजच्या पट्टीने बांधलेल्या. फिनेलचा, ओल्या कपड्यांचा आणि तापाचा मिळून एक वास होता. तापाला वास असतो, ज्याने घेतलाय त्याला विचारा. सिस्टर दोन, त्यातली एक स्वतः शिंकत होती. डॉक्टर म्हणजे एक कोवळा मुलगा, डोळे तांबडेलाल, पेशंटला तपासताना स्टेथोस्कोप छातीवर ठेवून क्षणभर डुलकी काढायचा. लोक त्यांच्यावर ओरडायचे. मीसुद्धा मनात खूप शिव्या घातल्या. आता वाटतं, घरात चार पाहुणे जास्त आले तर आपली भांडी आपटायला लागतात, त्यांच्याकडे तर अख्खं कल्याण जेवायला आलं होतं.

पुरुषांना त्या वॉर्डात थांबता येत नव्हतं. अण्णांनी मला दारापर्यंत आणलं, वॉर्डातल्या आयाबाईच्या, मावशीच्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघत उलटे चालत गेले. मी वाट पाहत राहिले की ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "भिऊ नको." मी खूप भ्यायले.

माझी कॉट सतरा नंबरची आणि माझ्या उशीशी दोन पाय होते. गोरे, गुबगुबीत, टाचा घासून स्वच्छ केलेल्या, आणि नखांना लालचुटूक पॉलिश. पुढचे कितीतरी तास मला त्या बाईची ओळख फक्त पायांवरून होती. ताप चढला की ते पाय माझ्यापासून लांब जायचे आणि खूप मोठे व्हायचे. मग उतरला की पुन्हा जवळ यायचे. नंतर पायांची मालकीण उठून बसली आणि म्हणाली, मी लाथ मारली तर राग मानू नकोस, घरी मी भावालापण मारते. तिचं नाव दर्शना. असेल सतरा-अठराची. टिटवाळ्याच्या पुढे नदीकाठचं गाव, आगरी घर, जमिनी विकून बंगला बांधलेला, दारात दोन गाड्या. पैशाला तोटा नव्हता. पण खासगीत यांनाही जागा मिळाली नव्हती. त्या पावसाने सगळ्यांना एका मापाने मोजलं. तिला डेंग्यू झालेला. भावाचं लग्न ठरलेलं, म्हणून नखं रंगवलेली. लग्नाला नाही आलीस तरी चालेल, पण हळदीला यायचंच, आमच्यात हळद म्हणजे खरी मजा, असं तिने मला पहिल्याच दिवशी आवतण दिलं. पिवळा ड्रेस आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, माझा देईन, तू त्यात दोनदा मावशील.

आणि तिची माणसं! आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर त्यांच्यात पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद होतं म्हणे. त्यामुळे अख्खं गाव यायचं. टेम्पो भरून. हॉस्पिटलने गर्दीला आळा घालायला नियम काढला होता, एका पेशंटमागे एकच माणूस आत, तेही चार ते सहा. गेटवरच्या वॉचमनकडे खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले टांगलेले, त्यावर कॉटचा नंबर रंगवलेला. ज्या कॉटला भेटायचं तो बिल्ला घ्यायचा, वर जायचं, परतताना खिळ्याला अडकवायचा. बिल्ला नाही तर प्रवेश नाही. एका कॉटवर दोघी होत्या म्हणून आमचे बिल्ले दोन, सतरा आणि सतरा अ. दर्शना सतरा, मी सतरा अ. बाकीचं गाव खाली आवारात उभं राहून खिडकीकडे हात करायचं आणि बायका खालून विचारायच्या, जेवलीस का गो? ही वरून ओरडायची, जेवले. सिस्टर येऊन आम्हा दोघींवर ओरडायची.

दर्शनाची आई सतरा नंबरचा बिल्ला घेऊन वर यायची. तिच्या पाठोपाठ दर्शनाची आजी. नऊवारी नेसलेली, काळीभोर, काटक, नाकात मोठी नथ. तिला सगळे बय म्हणायचे म्हणून मीही बय म्हणू लागले. ही बया आत कशी आली हा प्रश्न मला पडायच्या आतच तिने कमरेला खोचलेला बिल्ला काढून दाखवला. सतरा अ. मी तापात होते त्या पहिल्या संध्याकाळी चार वाजले तरी माझ्यासाठी कुणी आलं नाही, बिल्ला खिळ्याला नुसता लटकलेला, तर हिने वॉचमनला सांगितलं, त्या पोरीची मी आजी. आणि आता ती रीतसर विचारत होती, "तुजा कोन येत नाय गो बाय, तर मी घेऊ ना रोज?"

मी मान हलवली. नाही कशाला म्हणू? माझा बिल्ला कुणाच्या तरी कामी येत होता.

पण बय नुसती बिल्ल्यावर येऊन बसणारी नव्हती. तिच्या हिशेबाने मी ज्या कॉटवर होते ती तिची कॉट, म्हणून मीही तिचीच. डबा उघडला की पहिली वाटी माझी. तांदळाची पेज, मीठ टाकून पातळ केलेली, बाजूला लिंबाच्या लोणच्याचा खार. एकदा पदराखालून सुकटीची चटणी काढली तेव्हा सिस्टरने तिला असं झापलं की बय कॉटखाली बघत बसली. माझ्या केसांच्या गुंता झालेल्या वेण्या तिने बोटांनीच सोडवल्या. आई गेल्यापासून माझ्या केसांना माझ्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. मी तोंड भिंतीकडे करून रडले आणि तिला वाटलं केस ओढले गेले, तर ती आणखी हळू सोडवायला लागली. रोज जाताना मीठ-मोहरी मुठीत घेऊन नातीची दृष्ट काढायची, तीच मूठ माझ्यावरूनही ओवाळायची. आणि रोज, न चुकता, एकच प्रश्न. "तुजा बापूस कसा येत नाय?" मी म्हणायची, पाळी असेल. ती म्हणायची, पोरीपेक्षा पाळी मोठी काय?

हाच प्रश्न मग रात्रभर माझ्या उशाशी असायचा. चार वाजायला आले की मी दाराकडे तोंड करून बसायची. जिन्यावर चपला वाजायच्या, शेकडो चपला, त्यात एक घासत येणारी नसायची. सहा वाजता घंटा व्हायची. बय कमरेचा बिल्ला चाचपत उठायची. सगळ्यांची माणसं निघून गेली की वॉर्डात जी शांतता व्हायची, ती मी पुन्हा कुठे ऐकली नाही. दर्शना झोपायची आणि मी छताकडे बघत हिशेब मांडत बसायची. त्यांनी मला इथे आणून सोडलं. आणि एकदाही आले नाहीत. आईलाही असंच केलं असेल. आजी बोलली ते खरंच असेल. हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला हाकललं. मग त्याने बिऱ्हाडच केलं. ताप परवडला, इतकं ते वाईट होतं. चौदा वर्षांच्या मुलीला जगात एकच माणूस असतो आणि तोच माणूस तसा निघाला तर तिने कुणाकडे बघायचं? मी ठरवलं, इथून सुटले की टिटवाळ्याला जायचं, आजीच्या पाया पडायचं आणि म्हणायचं, तू म्हणालीस ते बरोबर होतं.

दर्शनाचा ताप उतरला तेव्हा खाली आवारात नारळ फुटला. आम्ही सगळे खूश. त्या आजाराची खोडी अशी की ताप उतरला म्हणजे माणूस सुटला असं वाटतं आणि खरा घात तिथेच असतो. हे मला आता ठाऊक आहे. त्या दुपारी ती म्हणाली, पोटात दुखतंय. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलेलं, ते तिने मला खेळ दाखवावा तसं दाखवलं. मग तिचे पाय माझ्या हाताला लागले, गार. मी सिस्टरला हाक मारली. तो कोवळा डॉक्टर धावत आला, आणि त्याची झोप कुठल्या कुठे उडालेली. रक्तातल्या पेशी खाली गेल्यात, मोठ्या हॉस्पिटलात न्या, म्हणाला. दर्शनाचे वडील खालून फोनवर फोन करत होते, गळ्यात जाड सोन्याची साखळी, आणि प्रत्येक ठिकाणाहून तेच उत्तर, बेड नाही. शेवटी ठाण्याला एका ठिकाणी बघू म्हणाले. स्ट्रेचर आलं. बय तिच्या पायांना धरून चालत होती, दारात अडकली, पाय सुटले. जाताना दर्शना मला म्हणाली, "माझी जागा कुणाला देऊ नकोस हां."

त्या रात्री माझ्या कॉटवर कुणी आलं नाही. इतक्या गर्दीत अख्खी कॉट माझी होती आणि मी अर्ध्यातच अंग चोरून पडले होते. सकाळी मावशी फरशी पुसता पुसता दुसऱ्या मावशीला म्हणाली, सतराची पोर ठाण्याला पोचायच्या आधीच गेली. मी ऐकतेय हे तिच्या लक्षातच आलं नाही. मी पायथ्याची चादर सरळ केली. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

त्या दिवशी चार वाजता मी दाराकडे तोंड केलं नाही. आणि तेव्हाच ती चप्पल ऐकू आली, घासत येणारी.

अण्णा कॉटपाशी उभे होते. हातात सतरा अ चा बिल्ला, दाढी वाढलेली. मी तोंड फिरवलं. ते कॉटच्या कडेला टेकले, आणि पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? म्हणाले, "आज आजी न्हाई आली?"

मला वाटलं, यांना बय कशी माहीत. मग ते त्यांच्या तुटक बोलण्यात सांगत गेले. ते रोज आले होते. पाळी बदलून, रोज. पहिल्या दिवशी सुपरवायझरने वेळेवर सोडलं नाही म्हणून उशीर झाला, धावत गेटवर आले तर सतरा अ चा खिळा रिकामा. वॉचमन म्हणाला, तुमच्या पोरीची आजी आहे वर, नऊवारीतली, टिटवाळ्याकडून आलीय. अण्णांना वाटलं, खबर लागली, म्हातारी आली. लेकीच्या लेकरासाठी राग गिळून आली. मग बिल्ला मागायला त्यांना तोंड नव्हतं. ज्या बाईने भर तेराव्यात आपल्याला लेकीचा मारेकरी ठरवलं तिच्या हातून नातीजवळची जागा कशी काढून घ्यायची? दुसऱ्या दिवसापासून ते चारच्या आधी यायचे आणि मुद्दाम बिल्ला घ्यायचे नाहीत. समोर चहाच्या टपरीवर उभे राहायचे. खिडक्या बघायचे. सहाला सगळे बाहेर पडायच्या आत निघून जायचे, म्हातारीला आपलं तोंड दिसून तिचं मन बदलू नये म्हणून. आणि आज चार वाजून गेले तरी बिल्ला खिळ्यालाच होता, म्हणून वर आले होते.

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आई असतानाही पाहिलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला माफ केलंय, असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा. ते म्हणाले, "माझ्याबद्दल काय बोलली का गं?"

मी खोटं बोलले नाही. मी म्हटलं, "रोज विचारायची. अण्णा का येत नाहीत म्हणून."

त्यांनी बिल्ला पालथा घातला, सुलटा केला, पुन्हा पालथा घातला. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मला सगळं सांगायचं होतं, बय कोण, दर्शना कोण, ही जागा का रिकामी आहे, पण तो चेहरा मोडायचा धीर मला झाला नाही. मी फक्त त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांना वाटलं अशक्तपणा.

घरी सोडल्यावर अण्णांनी एकच दिवस मला झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी पेढे घेतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, टिटवाळ्याला जायचं. वाटेत दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. आजी नव्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांत राहायची, मामा-मामी कामाला गेलेले. तिने दार उघडलं आणि आम्हाला बघून दाराची कडी हातातच राहिली. ती थकलेली दिसत होती. अण्णा आत गेले, पेढे ठेवले, वाकून नमस्कार केला. सासूला ते मामी म्हणायचे.

"मामी, तुम्ही व्हता म्हणून मला घोर न्हवता," ते म्हणाले. "एवढा राग गिळून पोरीजवळ येऊन बसला. मी खालीच उभा असायचो. वर यायची हिंमत न्हाई झाली."

आजीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. ती आता म्हणेल, मी कधी आले, मला तर कुणी कळवलंसुद्धा नाही. आजीने पेढ्यांचा पुडा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग विचारलं, "खाट मिळाली होती ना पण?"

"अर्धी मिळाली," अण्णा म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो माणूस बोलला. "तिच्या येळंला तीबी न्हाई मिळाली, मामी. रिक्षा घेऊन संध्याकाळपास्नं फिरलो. कल्याण झालं, उल्हासनगर झालं, डोंबिवली झाली. समदीकडं साथ. कुणी दारात घेईना. एकानं व्हरांड्यात तरी घ्यावं म्हणून पाया पडलो. शेवटी ती रिक्षातच…"

म्हणजे दवाखाना केला होता. सगळे दवाखाने केले होते. आजीला हे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. तुम्ही तेराव्याला का बोलला नाहीत, असं मी पुढे खूप वर्षांनी त्यांना विचारलं, तर म्हणाले, बाईचं लेकरू गेलेलं, तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, ओरडू दिलं. मधे ती मोठी साथ आली, टीव्हीवर माणसं खाटेसाठी दारोदार फिरताना दिसायला लागली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, असं कधी ऐकलंही नव्हतं बाई. अण्णा तेव्हा हयात नव्हते. मी टीव्ही बंद केला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तर आजी उठली, चहा ठेवते म्हणाली आणि मला आत हाक मारली. गॅस पेटवून पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत होते. मग न वळता हळूच विचारलं, "कोण होती गं ती?"

मी सांगितलं. बिल्ला, पेज, वेण्या, दर्शनाचे पाय, ठाण्याची वाट. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, हे तुझ्या बापाला कधी सांगायचं नाही, आणि मला वाटलं ती स्वतःची अब्रू झाकतेय. पण तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी जायला हवं होतं तिथे ती बसली. आता तिच्या घरी मला जायला हवं." अण्णांना म्हणाली, पोर दोन दिवस राहू दे माझ्याकडे. अण्णा हो म्हणाले. यावेळी माझ्या पुढे येऊन उभे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या नदीकाठच्या गावात गेलो. ज्यांच्या घरी पोर गेलीय ते घर कुठलं, हे तिथे कुणाला विचारावं लागलं नाही. मोठा बंगला, दारात दोन गाड्या, ओट्यावर गप्प बसलेली माणसं. हळदीच्या मांडवासाठी आणलेले बांबू कंपाउंडला टेकवून ठेवलेले. आत बायकांच्या घोळक्यात भिंतीला पाठ लावून बय बसली होती. नथ काढलेली. तिचा चेहरा त्या नथीशिवाय मला ओळखताच येईना. आजी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. दोघी सारख्याच वयाच्या, सारख्याच नऊवारीत. आजीने तिचा हात हातात घेतला, पण आपण कोण, कशासाठी आलो, यातलं एक अक्षर तिला बोलता आलं नाही. मी पुढे गेले. बय माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता म्हणेल, तू वाचलीस, माझी का नाही वाचली. म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

तिने माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का बघितलं. मग विचारलं, "बापूस आला का गो तुजा?"

"आला," मी म्हटलं.

"बरा झाला," बय म्हणाली आणि मला ओढून जवळ बसवून घेतलं.